हिरव्या तारेची स्प्रिंग

वळवाचा पाऊस तोंडावर आला होता. ओळखीच्या एका घरी छतावरचं सोलर नुकतंच बसवून झालं होतं आणि चालू करण्याआधी एकदा नजर टाकून जा, म्हणून मला बोलावलं होतं. जिन्याखाली इन्व्हर्टर, त्याच्या शेजारी एसी आणि डीसीचे दोन डबे. काम नीटनेटकं होतं. तारांना लग लावलेले, नंबर घातलेले, ग्लँड घट्ट बसवलेले. एसी डब्याचं झाकण उघडलं तेव्हा आत एक देखणी गोष्ट दिसली. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे एसपीडी, आणि अर्थच्या तारा एकत्र जोडायची पट्टी, म्हणजे अर्थबार, यांच्यात जेमतेम चार बोटांचं अंतर होतं. पण त्यांना जोडणारी हिरवी तार सरळ नव्हती. स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यावर गुंडाळून तिची वीस वेढ्यांची एकसारखी स्प्रिंग केलेली होती. डब्याबाहेर, अर्थपिटकडे, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याकडे, जाणाऱ्या तारेत चार-पाच मीटर तार जास्तीची उरली होती. तिचं ताटलीएवढं वेटोळं करून, टायने बांधून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं होतं.

घरमालकांनी विचारलं, "काका, ही स्प्रिंग शोभेची की कामाची?"

मी काही बोलायच्या आत काम करणारा तरुण वायरमन म्हणाला, "सर, अर्थिंगला स्प्रिंग करायचीच असते. वरून वीज आली तर ती तिथं अडते."

या मुलाचं वाक्य मी त्यानंतर कितीतरी ठिकाणी सांगितलं आहे, कारण त्यातला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. वीज तिथं अडते. आणि नेमक्या त्याच कारणासाठी अर्थिंगच्या तारेला, निदान त्या जागी, स्प्रिंग असता कामा नये. उरलेल्या बहुतेक जागी मात्र स्प्रिंगने फारसं काही बिघडत नाही. अर्थिंगची तार गुंडाळावी की नाही, या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नाही ते यामुळेच. त्या तारेतून कोणती वीज, किती वेगाने जाणार आहे, हे आधी पाहावं लागतं.

ही सवय आली कुठून?

गिझर, मोटारीचा स्टार्टर, मीटर बोर्ड, कारखान्यातलं पॅनेल, कुठेही पाहा, हिरव्या तारेची स्प्रिंग दिसतेच. ती करण्यामागे वायरमनकडे चार कारणं असतात, आणि त्यातली तीन रास्त आहेत.

पहिलं कारण हालचालीचं. पॅनेलचा दरवाजा लोखंडी असतो, बिजागरीवर फिरतो. त्याला अर्थ जोडायचा तर तार ताणली जाऊन तुटू नये एवढी सैल हवी. मोटार थरथरते, गच्चीवरचा पत्रा उन्हात वाढतो आणि रात्री आकसतो. ताठ ओढलेली तार अशा ठिकाणी लगपाशी हळूहळू कापली जाते. दुसरं कारण पुढच्या दुरुस्तीचं. लग जळला, टोक खराब झालं, तर दोन इंच तार कापून पुन्हा लग दाबता यावा म्हणून थोडी तार राखून ठेवतात. तिसरं कारण दिसण्याचं. हिरवी तार गुंडाळलेली असली की ती फेज-न्यूट्रलपासून लांबूनही वेगळी ओळखू येते आणि कामाला सफाई दिसते. या तिन्ही गरजा खऱ्या आहेत. त्यांना स्प्रिंगपेक्षा चांगली उत्तरं आहेत, ती पुढे सांगतो.

चौथं कारण गैरसमजाचं: स्प्रिंगने अर्थिंग "पॉवरफुल" होतं, किंवा स्प्रिंग वीज अडवते. हा समज अगदी हवेतून आलेला नसावा. जुन्या वीजकेंद्रांत लायटनिंग अरेस्टरच्या जोडीला खरोखरच तांब्याच्या पट्टीची चोक कॉइल बसवत असत. पण ती बसायची लाइनमध्ये, अरेस्टरच्या पुढे, यंत्राच्या बाजूला. आकाशातली वीज लाइनवरून आली की कॉइलपाशी अडायची, आणि अडल्यामुळे बाजूच्या अरेस्टरमधून सरळ जमिनीत उतरायची. म्हणजे अडवणूक यंत्राच्या वाटेवर आणि मोकळीक जमिनीच्या वाटेवर. आपण अर्थच्या तारेची स्प्रिंग करतो तेव्हा हे सगळं उलटं होतं. जमिनीची वाट अडते आणि यंत्राची वाट मोकळी राहते.

गाडी आणि हिसका

तार गुंडाळली की तिच्यात नेमकं काय बदलतं? तांबं तेच, जाडी तीच, लांबी तीच. बदलतो तो तारेभोवतालच्या चुंबकीय क्षेत्राचा हिशेब.

कुठल्याही तारेतून विद्युतप्रवाह गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. प्रवाह बदलला की ते क्षेत्रही बदलतं, आणि बदलणारं क्षेत्र त्याच तारेत त्या बदलाला विरोध करणारा दाब निर्माण करतं. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. तारेच्या या गुणाला इंडक्टन्स म्हणतात आणि त्याचं एकक अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांच्या नावाचं आहे. सरळ तारेतही इंडक्टन्स असतोच. ढोबळ हिशेबाला दर मीटरला एक मायक्रोहेन्री, म्हणजे हेन्रीचा दहा लाखावा भाग, धरतात. तार गोल गुंडाळली की एका वेढ्याचं क्षेत्र शेजारच्या वेढ्यांमधूनही जातं. सगळे वेढे एकमेकांना साथ देतात आणि मोठ्या, वेढे एकमेकांना चिकटून असलेल्या वेटोळ्यात इंडक्टन्स वेढ्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो.

उसाने भरलेली बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. बैलांनी हळूहळू जोर लावला की ती निघते आणि मग चालत राहते. तीच गाडी एका हिसक्यात पळवायला गेलात तर गाडी जागची हलत नाही, दोरखंड तुटतो. इंडक्टन्स म्हणजे विजेच्या वाटेवरचं असं ओझं. हळू बदलणाऱ्या प्रवाहाला ते जाणवतही नाही. हिसका देणाऱ्या प्रवाहाला ते भिंतीसारखं आडवं येतं.

घरातल्या विजेला वेटोळं जाणवत नाही

आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदात पन्नास आवर्तनं करणारी. विजेच्या जगात ही चाल फार संथ. त्या सोलरवाल्या घरातलं भिंतीवरचं वेटोळं मी मोजलं. चार चौरस मि.मी.ची तांब्याची तार, सुमारे १५ सें.मी. व्यासाचे दहा वेढे, एकूण तार पावणेपाच मीटरच्या आसपास. सूत्रात आकडे घातले तर इंडक्टन्स येतो साधारण २० मायक्रोहेन्री.

५० हर्ट्झला या वेटोळ्याची अडवणूक होते जेमतेम ६ मिलिओहम. एक मिलिओहम म्हणजे ओहमचा हजारावा भाग. त्याच तारेचा साधा रोध मात्र २२ मिलिओहम आहे. म्हणजे वेटोळं करण्यापेक्षा तेवढी जास्तीची तार ठेवल्याचा तोटा तिपटीहून मोठा. तो तोटासुद्धा किती? समजा, शहरातल्या चांगल्या जोडणीत फेज बॉडीला लागला आणि दोषप्रवाहाच्या पूर्ण वाटेचा रोध अर्धा ओहम आहे. २३० व्होल्टला प्रवाह वाहील ४६० अँपिअर. हे वेटोळं मध्ये घातलं तर तो ४४० अँपिअरच्या आसपास येईल. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी १६० अँपिअरच्या आतच क्षणात पडतो. म्हणजे वेटोळं असो वा नसो, तो पडणारच.

डब्यातल्या स्क्रू ड्रायव्हरवरच्या छोट्या स्प्रिंगचा हिशेब तर आणखी किरकोळ आहे. तिचा इंडक्टन्स अर्ध्या मायक्रोहेन्रीच्याही आत येतो, कारण वेढे लहान आहेत. ५० हर्ट्झला तिचा अडथळा एका मिलिओहमचा सहावा-सातवा हिस्सा.

तेव्हा गिझरच्या किंवा वॉशिंग मशीनच्या अर्थला स्प्रिंग दिसली म्हणून घाबरून जाऊ नका. शॉक लागण्यापासून वाचवण्याच्या कामात ती आड येत नाही. तार गरम होण्याचीही भीती नाही. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण न उलगडता तिच्यावर इस्त्री किंवा वेल्डिंग मशीन चालवलं तर आतली केबल वितळते, कारण तिच्यातून सतत प्रवाह जातो आणि उष्णता बाहेर पडायला वाट नसते. अर्थच्या तारेतून एरवी प्रवाह जवळजवळ जातच नाही.

उलट माझा अनुभव असा, की स्प्रिंगवर वाद घालता घालता खऱ्या दुखण्याकडे दुर्लक्ष होतं. खेड्यापाड्यांत, वाड्यावस्त्यांवर घराचा स्वतःचा अर्थपिट असतो. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, कोळसा-मीठ कधीच संपलेलं असतं, जीआय पट्टीचा बोल्ट गंजलेला असतो. पिटचा रोध पाच ओहम जरी धरला तरी २३० व्होल्टला ४६ अँपिअरच प्रवाह वाहतो, आणि एवढ्यावर १६ अँपिअरचा एमसीबी लगेच पडत नाही. फ्रिजची बॉडी मात्र तोवर जिवंत राहते. इथे माणसाला वाचवते ती ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारी आरसीसीबी. सैल लग, रंगावर कसलेला बोल्ट, गंजलेली पट्टी आणि कोरडा पिट हे चौघे स्प्रिंगपेक्षा कितीतरी पटींनी घातक आहेत.

आकाशातली वीज हिसका देते

आता तोच डबा, तीच तार, आणि जवळच्या लाइनवर वीज पडलेली. इथे सगळा हिशेब पालटतो.

विजेचा लोळ कोसळतो तेव्हा प्रवाह हजारो अँपिअरवर जातो आणि तोही काही मायक्रोसेकंदांत. लाइनवरून घरात शिरणाऱ्या अशा लाटेची नक्कल म्हणून एसपीडी तपासताना ८/२० नावाची लाट वापरतात. ती आठ मायक्रोसेकंदांत शिखर गाठते आणि वीस मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येते. समजा शिखर १०,००० अँपिअरचं आहे. म्हणजे दर मायक्रोसेकंदाला सरासरी १,२५० अँपिअरची वाढ. एक मीटर सरळ तार, एक मायक्रोहेन्री. तिच्या दोन टोकांमध्ये दाब उभा राहतो १,२५० व्होल्ट. सरळ, जाड, निर्दोष तांब्याच्या तारेत, फक्त एका मीटरमध्ये! तार आणखी जाड घेतली तरी हा आकडा फारसा खाली येत नाही, कारण इथे प्रश्न रोधाचा उरलेलाच नसतो.

आता भिंतीवरचं ते २० मायक्रोहेन्रीचं वेटोळं घ्या. त्याच लाटेला त्याच्या टोकांमध्ये २५,००० व्होल्ट उभे राहतील. एवढा दाब पेलणं त्या तारेच्या प्लास्टिकच्या आवरणाचं काम नाही. एकाला एक चिकटून बांधलेल्या वेढ्यांमध्येच ठिणगी उडू शकते. ती उडाली नाही तर अर्थबार आणि त्याला जोडलेलं घरातलं सगळं लोखंड जमिनीच्या तुलनेत त्या दाबावर चढतं. जवळपास बारला न जोडलेली पाण्याची पाइप असेल, ओली भिंत असेल, बोअरची केसिंग असेल, तर वीज तिकडे उडी मारते. वायरमन म्हणत होता तसंच झालं. वीज अडली आणि अडून दुसऱ्या वाटेने गेली.

ही गोष्ट नवी नाही. १८८८ साली लंडनमध्ये सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये ऑलिव्हर लॉज या भौतिकशास्त्रज्ञाने वीजवाहक सळ्यांवर दोन व्याख्यानं दिली. त्या काळी समज असा होता की तारेचा रोध कमी असला की झालं, वीज सोप्या वाटेने जाणारच. लॉजने लेडन जारमध्ये साठवलेला विद्युतभार एकदम सोडला आणि त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक लांबलचक जाड तांब्याची तार, रोध जवळपास नगण्य. दुसरी, हवेतली उघडी फट. भार तांबं सोडून हवेतून ठिणगी बनून गेला. ब्रिटिश टपाल खात्याचे अभियंते विल्यम प्रीस यांना हे पटलं नाही आणि त्याच वर्षी बाथ इथे ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत दोघांचा जाहीर वाद झाला. लॉजचं म्हणणं पुढे टिकलं. चपळ प्रवाहाला तांब्याच्या रोधापेक्षा इंडक्टन्स जड जातो, हे आजच्या प्रत्येक वीजसंरक्षण नियमाच्या मुळाशी आहे. म्हणूनच आयएस/आयईसी ६२३०५ या मानकात इमारतीवरून खाली येणारा वाहक सरळ, उभा, कमीत कमी लांबीचा असावा आणि वेढे टाळावेत असं सांगितलं आहे. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्येही अर्थची तार गरजेपेक्षा लांब नसावी, विनाकारण वळणं आणि वेढे नसावेत अशी सूचना आहे.

अर्ध्या मीटरचा नियम

एसपीडी बसवताना एक आकडा प्रत्येक वायरमनच्या तोंडी असायला हवा: अर्धा मीटर. फेजच्या तारेपासून एसपीडीपर्यंत आणि एसपीडीपासून अर्थबारपर्यंत, दोन्ही मिळून तार अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. हा आकडा कुठून आला ते पाहिलं की स्प्रिंगचा निकाल आपोआप लागतो.

फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन यांसारखी २३० व्होल्टची घरगुती उपकरणं साधारण २,५०० व्होल्टपर्यंतचा क्षणिक धक्का सोसतील अशी बनवतात. चांगला एसपीडी लाट येताच स्वतःवरचा दाब १,५०० व्होल्टच्या आसपास रोखतो. मध्ये उरले हजार व्होल्ट. पण उपकरणाला दिसतो तो नुसता एसपीडीवरचा दाब नव्हे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारांवर उभा राहिलेला दाबही त्यात मिळतो. अर्धा मीटर तार असेल तर सहाशेच्या वर थोडे व्होल्ट वाढतात. बेरीज २,१०० च्या थोडी वर. उपकरण वाचतं. एक मीटर तार असेल तर बेरीज २,७५०. हद्द ओलांडली.

आता डब्यातली ती सुबक स्प्रिंग. वीस वेढे, त्यात गेलेली तार साठ सें.मी.च्या थोडी वर. तिच्यावर सहाशे व्होल्टच्या आसपास उभे राहतील. चार बोटांची सरळ तार असती तर शंभर. म्हणजे अर्ध्या मीटरची सगळी मुभा ती स्प्रिंग एकटी खाऊन टाकते. फेजच्या बाजूची तार अजून मोजायचीच आहे. एसपीडीची खिडकी हिरवी दिसत राहते, डब्यावरचा शिक्का तसाच राहतो, आणि पावसाळ्यात टीव्हीचा बोर्ड जातो. मग दोष एसपीडीच्या कंपनीला दिला जातो.

बॉन्डिंगच्या तारेचंही तसंच आहे. बॉन्डिंग म्हणजे घरातलं सगळं उघडं लोखंड एकमेकांशी जोडणं. जमिनीच्या तुलनेत दाब किती चढतो हे दुय्यम. गिझरची बॉडी, पाण्याची पाइप, सोलरच्या पट्ट्या, सगळ्यांचा दाब एकत्र चढावा आणि एकत्र उतरावा, म्हणजे दोघांना एकाच वेळी हात लागला तरी त्यांच्यामध्ये फरक नसावा, हा तिचा हेतू. दोन लोखंडांना जोडणाऱ्या तारेत वेटोळं ठेवलं की लाटेच्या त्या काही मायक्रोसेकंदांत ती दोन्ही एकमेकांपासून तुटल्यासारखीच असतात.

कारखान्यांत हाच त्रास रोजचा आहे. मोटारीचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हमधून उच्च वारंवारतेचा विद्युतगोंगाट निघतो. ५० हर्ट्झला ६ मिलिओहमचं असणारं आपलं २० मायक्रोहेन्रीचं वेटोळं दहा लाख हर्ट्झला सव्वाशे ओहमचं होतं. त्या गोंगाटाला अर्थ जवळजवळ मिळतच नाही आणि तो शेजारच्या सेन्सरमध्ये, पीएलसीमध्ये घुसतो. म्हणून ड्राइव्हला गोल तारेऐवजी रुंद, आखूड पट्टी जोडायला सांगतात. पट्टीचा इंडक्टन्स त्याच लांबीच्या गोल तारेपेक्षा कमी असतो.

खांबाखाली पुरलेली कॉइल

इथे एखादा जाणकार वाचक विचारेल, मग वीजमंडळाच्या खांबाजवळ पुरतात ती अर्थिंग कॉइल कशी चालते? प्रश्न अगदी योग्य आहे. गावोगावच्या खांबांना जी कॉइल वापरतात ती आठ गेजच्या जीआय तारेची, ५० मि.मी. व्यासाची, एकशेपंधरा वेढ्यांची असते आणि वर जोडणीसाठी सुमारे अडीच मीटर मोकळी तार सोडलेली असते. पाहणाऱ्याला वाटतं, सरकारी कामातच वेढे आहेत म्हणजे वेढे चांगलेच.

पण या कॉइलचं काम वेगळं आहे. ती वाट नाही, ती मुक्काम आहे. तिच्यातली अठरा मीटर तार उघडी आहे, वेढे एकमेकांना टेकलेले आहेत आणि चहूबाजूंनी माती आहे. प्रवाहाला एकशेपंधरा फेऱ्या घालाव्या लागत नाहीत. तो टेकलेल्या वेढ्यांतून आडवा जातो आणि वाटेत सगळीकडून मातीत झिरपतो. पंचेचाळीस सें.मी. उंचीची, पाच सें.मी. जाडीची नळी पुरल्यासारखंच ते. स्वस्त तारेतून मातीला भिडणारा जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळवण्याची ही साधी, चांगली युक्ती आहे. आपली हिरवी तार प्लास्टिकच्या आवरणात असते. तिच्यात प्रवाहाला प्रत्येक वेढा घालावाच लागतो. जमिनीतल्या कॉइलची नक्कल डब्यात करण्यात काही अर्थ नाही.

आणखी एक खरी कॉइल वीज उपकेंद्रांत अर्थशी जोडलेली सापडते: पीटरसन कॉइल. जर्मन अभियंते वाल्डेमार पीटरसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ती शोधली. काही ठिकाणी ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तिच्यातून जमिनीशी जोडतात. एका फेजचा जमिनीशी दोष झाला तर लाइनच्या धारिता-प्रवाहाला ती नेमका तोलते आणि ठिणगी आपोआप विझते. तिचं माप लाइनच्या लांबीनुसार बारकाईने ठरवलेलं असतं. तिच्या नावाखाली स्क्रू ड्रायव्हरवरच्या स्प्रिंगचं समर्थन होत नाही.

मग सैल तार ठेवायची कशी?

सुरुवातीला सांगितलेल्या तीन रास्त गरजांवर हे उपाय आहेत.

पॅनेलच्या दरवाजाला टिन केलेल्या तांब्याची विणलेली पट्टी लावा. ती हजारदा वाकते, तुटत नाही, आणि चपटी असल्यामुळे इंडक्टन्सही कमी. पट्टी नसेल तर बारीक धाग्यांची लवचिक तार घ्या आणि दरवाजा पूर्ण उघडेल एवढाच एक मोठा, मोकळा झोल सोडा. मोटारीला, थरथरणाऱ्या यंत्राला, उन्हात वाढणाऱ्या पत्र्यालाही तसाच एक झोल पुरतो. झोल म्हणजे अर्धगोलासारखं एक वळण. त्याला वेढे नसतात.

पुढच्या दुरुस्तीसाठी तार राखायची असेल तर दोन-तीन इंच पुरे. ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून ठेवा. एसपीडी आणि अरेस्टर यांच्या जोडणीत तेवढीही नको. तिथे तार मोजून कापायची. छतावरच्या अरेस्टरची पट्टी सरळ उभी खाली आणायची, कोपऱ्यांवर काटकोनात न मोडता मोठं वळण द्यायचं. ती लोखंडी पाइपमधून न्यायची वेळ आली तर पाइपची दोन्ही टोकं पट्टीला जोडायची. लोखंडाच्या नळीतून जाणारी एकटी तार नळीमुळे स्वतःच चोक बनते.

अर्थची तार फेज-न्यूट्रलच्या सोबतच न्यावी, लांबून फेरी मारून नको. तिघी जवळ असल्या की दोषप्रवाहाची जाण्या-येण्याची वाट अरुंद राहते आणि अडवणूक कमी होते. ओळखीसाठी हिरव्या किंवा हिरव्या-पिवळ्या रंगाची तार पुरेशी आहे. सफाई दाखवायची तर घट्ट लगमध्ये, घासून स्वच्छ केलेल्या पृष्ठभागात आणि रंग खरवडून कसलेल्या बोल्टमध्ये दाखवा. जुन्या जोडणीतली गिझरची किंवा पंपाची स्प्रिंग सापडली तर फक्त तिच्यासाठी काम उकरून काढू नका. पण एसपीडी, अरेस्टर, सोलरचे डबे किंवा ड्राइव्ह यांच्या अर्थमध्ये वेटोळं दिसलं, तर ते पावसाळ्याआधी काढून घ्या.

त्या घरी आम्ही मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून दोन्ही कामं केली. डब्यातली स्प्रिंग काढून त्या जागी बारा सें.मी. तार लावली. भिंतीवरचं वेटोळं सोडवलं, पिटकडे जाणारी तार सरळ केली, उरलेली पावणेपाच मीटर कापून घरमालकांच्या हातात दिली. त्या मुलाला मी कागदावर दोन आकडे लिहून दिले: ५० हर्ट्झला ६ मिलिओहम, विजेच्या लाटेला २५,००० व्होल्ट. त्याने ते दोनदा वाचले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "कालच पलीकडच्या आळीत असंच बसवलंय. संध्याकाळी जाऊन कापून येतो."

घरात एसपीडी किंवा छतावर अरेस्टर असेल, तर वळवाची पहिली गडगड ऐकू येण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवा. डबा स्वतः उघडू नका. त्याला दोनच गोष्टी करायला सांगा: एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत आहेत का ते मोज, आणि एसपीडीच्या किंवा अरेस्टरच्या अर्थच्या वाटेवर कुठे वेढा असेल तर तो काप. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यासाठी नवीन काहीही विकत घ्यावं लागत नाही.